शिवलेली चिमणी

खडा अगदी लहान होता, बोराच्या बीएवढा. आमच्या वाटाड्याने तो वाकून उचलला आणि अंगणातल्या कोंबडीला हुसकावं तितक्या सहज भिंतीच्या दिशेने भिरकावला. सकाळचे सात वाजले असतील. मोरोक्कोतल्या मेरझूगा गावाच्या बाहेर, जिथे घरं संपतात आणि एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्या सुरू होतात, तिथल्या एका मुक्कामाच्या मागच्या अंगणात आम्ही सहा जण श्वास आवरून उभे होतो. समोर मातीची बुटकी भिंत, तिच्या पायाशी बकऱ्यांना पाणी पाजायची डोणी आणि तिच्यावर थेंब थेंब गळणारा नळ. त्या नळावर वाळवंटी चिमणी येते, असं वाटाड्याने आदल्या रात्री सांगितलं होतं. मोरोक्कोला यायचं ठरल्यापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तिचंच नाव होतं. पण पहिल्यांदा आली ती आपली चिमणी. राखाडी टोपी, तपकिरी मान, गळ्याखाली काळा डाग. नाशिकला पंचवटीत आमच्या वाड्याच्या तुळईवर बसायचा तोच नर, तसाच छाती काढून. मला हसू फुटलं, आणि तेवढ्यात खडा सुटला. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अरे, नको!" शब्द परका असला तरी सूर कळला असावा. माझ्याकडे वळून तो समजावणीच्या स्वरात म्हणाला, "खालती, ती चांगली नाही. चांगली आत्ता येईल." खालती म्हणजे मावशी. पहिल्या दिवसापासून तो मला मावशीच म्हणत होता.

आणि चांगली आली.

आधी मादी. तिचा रंग सांगायचा तर ताज्या दळलेल्या ज्वारीच्या पिठाचा. भिंतीवर बसली तेव्हा भिंतीचाच एक ढलपा हलल्यासारखं वाटलं. मग नर आला. फिकट राख अंगाला फासलेली, डोळ्यांजवळ आणि गळ्यावर कोळशाचं बोट ओढलेलं, विणीचा काळ असल्याने चोचही काळीभोर. आपल्या चिमणीपेक्षा किंचित नाजूक, आणि अंगावर कुठेही जास्तीचा रंग नाही. उन्हात वाळवून वाळवून जेवढं राहिलं तेवढंच. दोघांनी नळाचा थेंब पडायच्या आत चोचीत घेतला. आमच्यातल्या एकाने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता, आणि माझेही हात थरथरत होते. तो आनंद खरा होता. पण त्या दिवशी वहीत तिच्या नावापुढे खूण करताना पेन अडलं, आणि पुढचे सगळे दिवस, वाळवंटातून थेट सीडारच्या, म्हणजे देवदाराच्या कुळातल्या झाडांच्या, जंगलापर्यंत, तो खडा माझ्याबरोबर आला.

आमच्या वाड्यात चिमण्या राहायच्या असं म्हणणं बरोबर होणार नाही. चिमण्यांच्या वाड्यात आम्ही राहायचो. माजघरात आजोबांची मोठी तसबीर होती. ती भिंतीपासून वरच्या बाजूला हातभर सुटलेली, आणि त्या फटीत दर वर्षी घरटं. सणावाराला तसबिरीला हार घातला की मागून गवताची काडी, दोरा, कधी कोंबडीचं पीस खाली पडायचं. एकदा तर थेट निरांजनाच्या तबकात. आजी म्हणायची, असू दे, त्यांना तिच्यामुळे सोबत आहे. मे महिन्यात नाशिक तापतं तेव्हा दुपारी बाबा पंखा बंद करून ठेवायचे. पिल्लं मोठी होईपर्यंत महिनाभर हेच. आम्ही भावंडं घामाने चिकट होऊन फरशीवर पडायचो, आणि डोक्यावर चिमणा-चिमणीच्या खेपा चालायच्या, चोचीत अळ्या घेऊन. एक दिवस पाहुणे आले, त्यांनी न विचारता बटण दाबलं. तो आवाज मला अजून ओळखता येईल. खाली पडलेल्या चिमणीला मी उचललं. ती मेली नव्हती. तिच्या छातीतली धडधड माझ्या तळहातावर आपटत होती. आई धावत आली आणि आधी मलाच रागावली, "हात कशाला लावलास? माणसाने शिवलेल्या चिमणीला बाकीच्या घेत नाहीत. चोची मारून हाकलून देतात."

ही समजूत आपल्याकडे घरोघर होती. पक्षी बघायला लागल्यावर मी तिच्याबद्दल वाचलं, जाणकारांना विचारलं. हाताळलेलं पिल्लू जागेवर परत ठेवलं तर आई-बाप त्याला बहुधा वाढवतातच. माणसाच्या वासाने ते त्याला टाकत नाहीत. पण आठ वर्षांच्या मुलीला काय ठाऊक? मी त्या चिमणीला पुठ्ठ्याच्या खोक्यात कापसावर ठेवलं आणि संध्याकाळी ती गेली. माझ्या मनात मात्र पक्कं बसलं की ती पंख्याने गेली नाही, मी शिवल्यामुळे गेली.

पुढे वाडा पाडला. त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीला फट म्हणून कुठे नाही. सगळं काचेचं, घट्ट, सरळ. किराणा माल पाकिटात बंद झाला, अंगण गेलं, अंगणाबरोबर झाडंझुडपं आणि पिल्लांना भरवायच्या अळ्या गेल्या. चिमणी नाहीशी होतेय हे ध्यानात यायलाही आम्हाला काही वर्षं लागली. आता २० मार्चला जगभर जो चिमणी दिन पाळतात, त्याची सुरुवात नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांनी केली, २०१० साली. त्या वर्षीपासून माझ्या गॅलरीत लाकडी घरटं टांगलेलं आहे. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तांदूळ निवडताना कण्या बाजूला काढते आणि बशीत घालून त्या घरट्याखाली ठेवते. बहुतेक वेळा पारवे खाऊन जातात. तरी ठेवते.

अशा घरातून निघालेल्या बाईला जगाच्या दुसऱ्या टोकाला "ती चांगली नाही" हे ऐकायला लागलं. म्हणून लागलं ते जास्त.

प्रवासाची सुरुवात मराकेशला झाली होती, आणि तिथे मला उलटंच दृश्य दिसलं होतं. जुन्या शहराच्या बोळांतून चालताना एका मसाल्याच्या दुकानात शिरलो. जिरं, दालचिनी, वाळवलेल्या गुलाबकळ्यांची पोती, आणि पोत्यांच्या मधून खुशाल उड्या मारत हिंडणारा एक पक्षी. विटेच्या रंगाचं अंग, राखाडी डोकं, त्यावर बारीक काळ्या रेघा. हा भारीट कुळातला. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरतात त्या भारिटांचा नातलग, पण हा कायमचा घरवासी. तिथे त्याला तिबिब्त म्हणतात. दुकानात, घरात, मशिदीच्या कमानीत तो येतो-जातो, आणि त्याला कुणी हाकलत नाही, कारण लोक त्याला पवित्र मानतात. दुकानदाराने पोळीसारख्या गोल पावाचा तुकडा कुस्करून वजनकाट्याच्या पारड्यात टाकला. तिबिब्त पारड्यात उतरला, पारडं हललं की नाही कळलंही नाही. मी तिथेच उभी राहिले. बरोबरची मंडळी पुढे निघून गेली. मला आमचं माजघर दिसत होतं, आजोबांची तसबीर दिसत होती. एखाद्या पक्ष्याला घरचा मानणं ही काही आपल्याच मुलखातली गोष्ट नाही, याने मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. हाही पक्षी आधी ॲटलास पर्वताच्या दक्षिणेकडचा. माणसांच्या घरांचा आधार धरत विसाव्या शतकात उत्तरेला शहराशहरांत पसरला. तेव्हा ते ऐकून मी कौतुकाने मान डोलावली होती. पसरणं या शब्दाला दुसरी बाजू असते हे मेरझूगाला पोचेपर्यंत डोक्यात आलं नाही.

ॲटलास ओलांडून दक्षिणेला उतरलं की हिरवं हळूहळू सुटत जातं. बूमाल्न दादेसच्या बाहेर ताग्दिल्तचं पठार आहे. दगडगोट्यांचं, सपाट, आपल्या पठारी माळांपेक्षाही उघडं. पण माळ तो माळच. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ पाहिलेल्याला इथे नजर कशी फिरवायची ते शिकवावं लागत नाही: लांब बघायचं नाही, पायापासून पन्नास पावलांपर्यंत बघायचं आणि काहीतरी हलण्याची वाट पाहायची. धाविक हलला. साईच्या रंगाचा, डोळ्यामागे काळी-पांढरी रेघ, चार पावलं धावून थबकणारा. मग रणगोजा, जो हिवाळ्यात आपल्याकडेही येतो. त्याला त्याच्या विणीच्या मुलखात गाताना ऐकून शाळेतल्या अबोल मुलाला लग्नात नाचताना पाहिल्यासारखं वाटलं. आणि मग पखुर्ड्या. भल्या सकाळी त्या पाण्यावर आल्या. आधी आवाज, आभाळात कुठूनतरी, ओल्या गळ्याने बोलल्यासारखा. मग वीस-पंचवीसांचा थवा वाकडं वळण घेत खाली. नर पाण्यात पोटापर्यंत उतरून अंग हलवत राहतात. पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात, आणि ते ओझं घेऊन ते कित्येक कोस उडून पिल्लांकडे जातात. पिल्लं ती पिसं चोचीने पिळून पाणी पितात. आफ्रिकेतल्याच एका जातीच्या पखुर्डीचा नर असं सुमारे २५ मिलिलिटर पाणी धरू शकतो, हे मोजलेलं आहे. म्हणजे पाच चमचे. पंखा बंद करून घामाने निथळत बसलेले बाबा मला त्या डबक्याच्या काठी आठवले.

तिथून पुढे ताफिलाल्तच्या वाटेवर वाळवंटात एका ओळीत मातीचे ढीग दिसत राहतात, वारुळांची रांग असावी तसे. ते खेत्तारांचे. जमिनीखालून पाणी आणायचे बोगदे, त्यांची माती उपसायला ठरावीक अंतरावर विहिरी. औरंगाबादची नहर-ए-अंबरी पाहिलेल्याला हे लगेच उमगतं. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराचं पाणी शहरात आणलं ते याच युक्तीने. इथल्या बऱ्याच खेत्तारा आता कोरड्या पडल्यात. वर धरण झालं, गावोगाव पंप आले, पाणी खोल गेलं, आणि त्यावर वर्षानुवर्षांचा दुष्काळ. एका विहिरीच्या तोंडाशी वाकून पाहिलं. आतून गार हवा आली, ओलीची नव्हे, नुसत्या अंधाराची. काठाच्या दगडांत गवताची एक विस्कटलेली मोळी अडकलेली होती. "चिमणीचं जुनं घरटं," वाटाड्या म्हणाला. "वाळवंटीचं?" मी विचारलं. त्याने होकाराची मान हलवली. विहिरींच्या भिंतींत त्या पूर्वीपासून घरटी करतात.

खडा मारल्याच्या दुपारी त्याने आम्हाला आपल्या आत्याच्या तंबूवर नेलं. वाळूच्या टेकड्यांच्या पलीकडे, काळ्या दगडांच्या हमाद्यावर. बकरीच्या केसांनी विणलेला तंबू, शेजारी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलेला गोठा, पाण्याचा निळा पिंप. बाहेर उन्हाने दगड तडतडत होते. आत गेलं की त्या काळ्या कापडाच्या विणीतून उन्हाचे बारीक दाणे अंगावर सांडायचे. आत्याने पुदिन्याचा चहा हातभर उंचीवरून पेल्यात ओतला. तिला आणि मला दोघींना समजेल असा एकही शब्द नव्हता. एकच शिकले, आमान. पाणी. तिने पिंपाकडे बोट दाखवून तो मला तीनदा म्हणायला लावला, आणि जमल्यावर माझ्या गुडघ्यावर थाप मारली. चहा झाल्यावर पावाचा चुरा ओंजळीत घेऊन ती तंबूच्या दाराशी गेली आणि ओंजळ उघडली. गोठ्याच्या कुंपणातून चार वाळवंटी चिमण्या उतरल्या. तिच्या पायांपासून हातभर अंतरावर. ज्यांना बघायला आम्ही दुर्बिणी, दमट कपाळं आणि एवढा लांबचा प्रवास घेऊन आलो होतो, त्या चिमण्या ती बाई रोज दुपारी काही न बोलता जेवू घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चार बोटं दाखवली. मग हात मागे फेकून दहा-दहा बोटं दोन-तीनदा उघडली. पूर्वी इतक्या असायच्या.

परतताना वाळूत गाडी थांबवून वाटाड्या माझ्याशी बराच वेळ बोलला, थोडं इंग्रजीत, थोडं हातांनी. तो लहान होता तेव्हा मेरझूगात आपली चिमणी, म्हणजे घरचिमणी, त्याला फारशी आठवत नाही. वाळवंटी चिमणी मात्र घराघरावर असायची, खजुराच्या झाडांवर, भिंतींच्या भोकांत. मग वाळूच्या टेकड्या बघायला पाहुणे यायला लागले. त्यांच्यासाठी मुक्काम बांधले गेले, एकाला लागून एक. मुक्कामांना बागा आल्या, बागांना पाणी आलं, न्याहारीच्या टेबलांवर चुरा आला. आणि उत्तरेकडून रस्त्यांच्या, गावांच्या कडेने सरकत सरकत घरचिमणी पोचली. ती दांडगी. भिंतीतलं भोक आधी धरते. कुठे कुठे दोघींची जोडी जमते आणि पिल्लं ना इकडची ना तिकडची होतात. जिथे गाव वाढतं तिथे वाळवंटी चिमणी मागे सरते, बकऱ्यांच्या गोठ्यांकडे, तंबूंकडे. आणि तंबूही कमी होत चाललेत, कारण दुष्काळात जनावरं राहत नाहीत. "तिच्यावर माझा राग नाही," तो म्हणाला. "पण मावशी, माझ्याकडे दगडाशिवाय दुसरं काय आहे?"

मी काही बोलले नाही. मुक्कामाच्या बागेत त्या संध्याकाळी जास्वंद फुलली होती, पोहण्याच्या तलावात दिवे लावले होते, आणि माझ्या खोलीच्या खिडकीखाली चिमण्यांचा झोपण्याआधीचा कलकलाट चालला होता. तो नाशिकचा कलकलाट. वीस वर्षांत इतक्या चिमण्यांचा आवाज मी एकत्र ऐकला नव्हता. खिडकी उघडून उभी राहिले. गळा दाटून आला, आणि त्याच वेळी प्रत्येक चिवचिवीमागे कुठेतरी एक फिकट चिमणी कमी होतेय हे कळत होतं. हे दोन्ही एकदम वाटायला लागलं की माणसाने काय करावं? खिडकी लावून घेता येईना, आणि उघडी ठेववेना. मी त्या खोलीचे पैसे भरले होते. ती बाग माझ्यासाठीच होती.

माणसाने शिवलेली चिमणी, ती हीच.

उत्तरेकडे निघालो तेव्हा झीझ नदीच्या काठच्या खजुरांतून निळ्या गालाचे वेडे राघू तारांवर बसलेले दिसले, दिवसभर. मिदेल्तच्या पुढे हवा बदलली. खिडकीतून येणारं वारं कोरडं असूनही गार झालं, आणि अझरूच्या वरच्या वळणावर पहिला सीडार दिसला. मग एकदम जंगल. उतरून पहिला श्वास घेतला तर पेन्सिलला टोक केल्याचा वास, पहिलीतल्या दप्तराचा. जमिनीवर सुयांची जाड गादी, चालताना आवाजच नाही. खोडं अशी की दोघांनी मिळून कवेत घेतली तरी हात पुरू नयेत. वर फांद्या आडव्या, मजल्यामजल्यांच्या, आणि त्यांच्यातून ऊन तिरकं खाली येतं. वाळवंटात सगळं एका नजरेत होतं, इथे दहा पावलांपलीकडे काही नाही. डोळे थकले आणि कान जागे झाले. या जंगलात हिरवा सुतार राहतो, लव्हायां या माणसाच्या नावाने ओळखतात तो. मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया सोडून तो पृथ्वीवर कुठेच नाही. त्याचा आवाज म्हणजे पळता पळता हसल्यासारखा, एका झाडामागून दुसऱ्या झाडामागे जाणारा. आम्ही दोन तास त्या हसण्याच्या मागे हिंडलो. शेवटी तो जमिनीवर सापडला, मुंग्यांच्या वारुळात चोच खुपसून, कपाळापासून मानेपर्यंत लाल, आणि आमच्याकडे पाठ. जिभेने मुंग्या टिपण्यात तो इतका गुंगला होता की आम्ही बसून घेतलं आणि एकमेकांना खुणाही केल्या नाहीत. ॲटलासचा माशीमार मात्र आदल्याच दिवशी आला असावा. काळा-पांढरा, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. पश्चिम आफ्रिकेतून सहारा ओलांडून तो इथे येतो, जुन्या झाडातलं एखादं भोक शोधायला. एकटाच होता. एकाच फांदीवर परत परत येऊन गात होता, दमलेल्या पण थांबता न येणाऱ्या माणसासारखा.

भोकं जुन्या झाडांत असतात, आणि जुनी झाडं वाळत चालली आहेत. वर मान केली की दर दहातल्या एखाद्याचा शेंडा करडा, निष्पर्ण. सीडारची ही जात आता धोक्यातल्या यादीत आहे. पाऊस कमी, बर्फ कमी, किडे जास्त, आणि चाऱ्यासाठी तोडलेल्या खालच्या फांद्या. फांदी तोडणाऱ्या धनगराच्या बकऱ्या मी बघितल्या. बरगड्या मोजता येत होत्या. त्या वर्षांच्या दुष्काळात कळप इतके घटले की २०२५च्या बकरी ईदला कुर्बानी देऊ नका असं खुद्द राजालाच लोकांना सांगावं लागलं. मग दोष कुणाला लावायचा? काही दिवस दोष माकडांवर होता. इथली बिनशेपटीची माकडं सीडारची साल सोलून खातात, झाड मरतं. पण अभ्यास करणाऱ्यांनी पाहिलं तेव्हा असं दिसलं की झऱ्यापाण्याच्या जागा माणसांनी आणि जनावरांनी व्यापल्यावर तहानलेली माकडं ओलीसाठी सालीकडे वळतात. रस्त्याच्या कडेला तीच माकडं ओळीने बसलेली होती. गाड्या थांबत होत्या, काचा खाली होत होत्या, शेंगदाणे, बिस्किटं, केळी. एका माकडिणीचं पोट जमिनीला टेकत होतं, आणि तिच्या कुशीतलं पिल्लू वेफर्सची पिशवी चाटत होतं. अंजनेरीच्या पायऱ्यांवर मी स्वतः चणे-फुटाणे टाकले आहेत, लहानपणी बाबांच्या खांद्यावरून आणि मोठेपणी माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन. हनुमानाच्या जन्मगावी माकडाला उपाशी कसं ठेवायचं? देणाऱ्या हातात प्रेमच असतं, याबद्दल मला आजही शंका नाही. आत्याच्या ओंजळीत होतं. त्या गाडीतल्या लहान मुलाच्या हातातही होतं; केळं घेतलं गेलं तेव्हा तो आनंदाने किंचाळला.

फेस शहरातून निघायच्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर बसले होते. टेबलावर चिमणी उतरली. इथे ती कुणाला नकोशी नाही. या बाजूला ती पिढ्यान् पिढ्यांची रहिवासी आहे, तिच्या येण्याने कुणाचं घर जात नाही. मी पावाचा तुकडा मोडला. दोन बोटांत धरला आणि तसाच धरून राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. तिने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, टुणकन पुढे आली आणि बोटांतून ओढून घेऊन गेली. चोचीचा स्पर्श अगदी हलका झाला, सुईने चाचपल्यासारखा. त्या खोक्यातल्या चिमणीनंतर पन्नास वर्षांनी.

घरी आल्यावर आईला सगळं सांगायला चार दिवस लागले. ती फोटो बघत नाही, तिला दिसत नाहीत, सांगावं लागतं. पखुर्डीच्या पोटातलं पाणी तिला फार आवडलं, दोनदा सांगायला लावलं. आमान हा शब्द तिने म्हणून पाहिला. वाळवंटी चिमणीचा रंग ज्वारीच्या पिठाचा म्हटल्यावर तिने ताटातल्या पिठात बोट फिरवलं. मग मी खड्याचं सांगितलं. दुसरी चिमणी, तिची दांडगाई, पाण्याचे तलाव, तंबू, आत्याची बोटं, वाटाड्याने विचारलेला प्रश्न, सगळं. तिला पटावं म्हणून मी जरा जोर लावूनच सांगत होते. ती तांदूळ निवडत होती. कण्या बशीत पडत होत्या. माझं संपलं तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, "लागला का गं तिला तो खडा?"

मी आठवून पाहिलं. भिंत आठवली, नळ आठवला, रिकामी झालेली जागा आठवली. खडा भिंतीवर आपटल्याचा आवाज आठवतो का, तेही पाहिलं. "नको" म्हणता म्हणता माझे हात दुर्बिणीकडे गेले होते. मादी उतरत होती, आणि मी तिकडे बघत होते.

"बघितलं नाही मी," आईला म्हणाले.

तिने बशी माझ्याकडे सरकवली. "ठेव बाहेर," म्हणाली.